केळ्यांच्या शेजारचं कार्ड

“मामा, तुमच्या खोलीत आत किती आहे?”

भर मे महिन्यात, सकाळी साडेदहाला, डोक्याला ओढणी गुंडाळून माझी भाची हर्षदा दारात उभी होती. मागे रिक्षा. रिक्षाच्या सीटवर, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तशी, चादरीत गुंडाळलेली कॉम्प्युटरची पेटी.

“सोळा,” मी म्हणालो. “बाहेर?”

“चव्वेचाळीस. माझ्या माळ्यावर त्याहून जास्त. मला तुमच्या केळ्यांत तीन दिवस जागा द्या.”

सावद्याला माझी केळी पिकवायची शीतखोली होती, त्या वेळची ही गोष्ट. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत लावायची, पहिल्या दिवशी गॅस द्यायचा, मग हवा काढून टाकायची आणि सोळा अंशांत ठेवायची. चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा. गावात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, लीलाधर भंगाळेच्या केळ्यावर डाग दिसत नाही. दुसरी, लीलाधर भंगाळेच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या खोलीत चुकून कोंडलेलं पांढरं मांजर पाचव्या दिवशी पिवळंधमक होऊन बाहेर आलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं, की पुढे पुढे ते मांजर स्वतः पाहिलेली दोन माणसं गावात तयार झाली. त्यातला एक तर त्याला दूधही पाजून आला होता.

हर्षदाचं काम मात्र माझ्या थापांच्याही पलीकडचं होतं. जी इमारत अजून बांधलीच नाही, तिच्यातून ती माणसाला फिरवून आणायची. दार उघडतंय, जिन्यावर ऊन पडलंय, खिडकीतला पडदा हलतोय, आणि प्रत्यक्षात तिथं अजून बाभळी उभ्या. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून ती हे काम घरून करू लागली होती. आता नाशिकच्या एका आर्किटेक्टनं एका मोठ्या हॉस्पिटलची चार मिनिटांची फिल्म मागितली होती. सोमवारी सकाळी दहाच्या आत पोचली आणि पसंत पडली, तर वर्षभराचं काम.

आणि नाही पोचली, तर मंगळवारच्या गाडीनं हर्षदा पुण्याला परत. जुन्या कंपनीचं बोलावणं आलेलंच होतं. तसा शब्द तिनं तिच्या वडलांना, म्हणजे माझ्या दाजींना दिला होता. प्रल्हाद त्र्यंबक बऱ्हाटे, भुसावळहून रिटायर झालेले रेल्वेचे गार्ड. छत्तीस वर्षं हिरवी आणि लाल या दोनच रंगांवर विश्वास ठेवलेला माणूस. न बांधलेल्या इमारतीत फिरून कुणी पोट भरतं, हे त्यांना पटत नव्हतं. दाजी आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत आणि मी कधी खरं बोललो नाही, असं ताई म्हणायची. तिला एक नवरा आणि एक भाऊ मिळून सरासरी माणूस मिळाला होता.

पेटी आत आणली. केळ्यांना ओलावा देणारा फवारा त्या बाजूचा बंद केला, चार रिकामे क्रेट उपडे घालून टेबल केलं. हर्षदानं माझा हिवाळ्यातला स्वेटर अंगात चढवला, मी मफलर गुंडाळला आणि अकराच्या ठोक्याला तिनं यंत्र सुरू केलं.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे होते. ती त्यांच्याकडे देवाच्या दिव्याकडे बघावं तशी बघत होती. एकसष्ट आणि एकोणीसशे पासष्ट.

मी विचारलं तेव्हा तिनं समजावलं. ही चित्रं काढणारं एक कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. त्याचा एक वेग पेटीवर छापलेला असतो, पण तो नुसता सांगायचा. खरं कार्ड स्वतःच ठरवतं. अंग थंड आहे, वीज पुरेशी आहे असं दिसलं की आपणहून वेग चढवत नेतं. त्याला बूस्ट म्हणतात. तापायला लागलं की पुन्हा आपणहून एकेक पायरी उतरतं. माळ्यावर ते चौऱ्याऐंशी अंशांना पोचून सतराशेवर आलं होतं, आणि एका चित्राला शेहेचाळीस सेकंद घेत होतं. इथं चाळीस.

“सहा सेकंदांसाठी रिक्षाभाडं?”

“मामा, चार मिनिटांत सहा हजार चित्रं असतात. शेहेचाळीसनं गुणलं तर सत्त्याहत्तर तास होतात. चाळीसनं गुणलं तर सदुसष्ट. माझ्याकडे एकाहत्तर आहेत.”

हिशोब माझ्या डोक्यात लख्ख बसला. पिकताना केळंही आतून तापतं. पिकायची घाई त्याची त्यालाच असते, आपण फक्त ताप आवरायचा. तसं मी बोलूनही दाखवलं. हर्षदा म्हणाली, मामा, हे इतकं बरोबर तुम्ही पहिल्यांदाच बोललात.

कौतुक झालं की मला पुढचं विचारायचा मोह होतो. पडद्यावर खाली दोन पट्ट्या दिसत होत्या, त्या कशाच्या म्हणून मी बोट केलं. ती म्हणाली, ते ओव्हरक्लॉक. कार्ड स्वतःहून चढतं त्याच्यावर आपण जबरदस्तीनं चढवायचं. पहिली पट्टी कार्डाच्या गाभ्याची, दुसरी त्याच्या मेमरीची. सरकवायची आणि बाजूची बरोबरची खूण दाबायची. हौशी पोरं करतात, एखाद-दुसरा सेकंद वाचतो, पण साठ तासांच्या कामात असला जुगार कोणी खेळत नाही.

“हात लावू नका. शब्द द्या.”

मी दिला. माझा शब्द काय भावानं जातो हे तिला ठाऊक होतं. तिनं तो घ्यायच्या ऐवजी माऊस घ्यायला हवा होता.

शुक्रवार, शनिवार छान गेले. बाहेर डांबर वितळत होतं आणि मी मफलर गुंडाळून दारात चहा पीत होतो, त्यामुळे निम्मं सावदा चौकशीला आलं. एकाला मी सांगितलं, की हे यंत्र आत बसून पुढच्या वर्षीचा केळीचा भाव काढतंय. तो दुपारी भावाला घेऊन परत आला. लाईट दोनदा गेली, पण केळ्यांसाठी जनरेटर होताच, आणि तो सुरू होईपर्यंत हर्षदानं आणलेली बॅटरी, त्यामुळे कार्डाला कळलंही नाही. हर्षदा क्रेटवर बसून, डोकं केळ्यांना टेकून डुलक्या काढायची, दर तासाला उठून आकडे बघायची. पेटीमागच्या गरम हवेनं तिथली दोन क्रेट केळी एक दिवस आधी पिवळी झाली. हे मात्र खरं आहे.

रविवारी बाराला मीच तिला ढकलून घरी पाठवलं. म्हटलं आंघोळ कर, तीन तास पाठ टेक, मी बसतो. ती वरच्या रस्त्यानं गेली आणि खालच्या रस्त्यानं दाजी तिच्यासाठी डबा घेऊन आले. चुकामूक झाली. अंगात पांढरा सदरा आणि आतल्या थंडीसाठी वर गार्डाचा जुना काळा कोट. उन्हातून तो घालून आले होते. वाटेत काय काय ऐकावं लागलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दाजी क्रेटवर ताठ बसले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“हे काय करतंय?”

“चित्रं काढतंय. चाळीस सेकंदांत एक.”

“आणि तू?”

“मी लक्ष ठेवतोय.”

“म्हणजे काही करत नाहीस.”

मला जगात कुणीही काहीही म्हणावं, मी हसतो. पण दाजींनी तो सूर लावला की लग्नाच्या मांडवापासूनचं सगळं आठवतं. मी म्हणालो, की दाजी, हे चाललंय ते माझ्या देखरेखीवर चाललंय. वेग माझ्या हातात आहे. चढव म्हटलं तर चढवतो.

“चढव,” दाजी म्हणाले.

आता माघार कशी घेणार. पहिली पट्टी धरली, शंभर आकडे पुढे नेली, बरोबरची खूण दाबली. एकोणीसशे पासष्टचे दोन हजार पासष्ट झाले. अंश चौसष्ट. चाळीस सेकंदांचे अडतीस. काहीही बिघडलं नाही. मला वाटलं आपल्याला हे उपजतच येतंय.

“दोन सेकंद,” दाजी म्हणाले. “एवढाच आव होता?”

“दोन सेकंद उरलेल्या पंधराशे चित्रांनी गुणा.”

त्यांनी डोळे मिटून गुणलं. पन्नास मिनिटं, म्हणाले, आणि पहिल्यांदाच पडद्याजवळ सरकले. ही दुसरी पट्टी कशाची, विचारलं. हर्षदानं मना केलंय म्हणावं तर पहिलीचंही बिंग फुटणार. म्हणून मी म्हणालो, ते जाणत्या माणसाचं काम आहे, तिकडे बघू नका. आणि मागच्या रांगेतली केळी तपासायला गेलो. आमचा एक थर्मामीटर असतो, त्याची सुई केळ्याच्या पोटात खुपसून बघतो. भिंतीवरचा आकडा सोळा असला तरी पोटात वीस असू शकतात, आणि माल जातो तो पोटातल्या आकड्यानं.

परत आलो तर दुसरी पट्टी पार उजव्या टोकाला होती. दाजींचे दोन्ही हात कोटाच्या खिशात.

“सदतीस,” ते म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला. भरीत आणि कळण्याची भाकरी होती, हर्षदाच्या वाटणीची आम्ही दोघांनी खाल्ली. दोन तास आम्ही शेजारी शेजारी बसून चौसष्ट आणि सदतीस या आकड्यांकडे बघत राहिलो. ताईच्या लग्नानंतरच्या तीस वर्षांत एवढा वेळ आमचं पटलेलं नव्हतं. वर एवढंसं चित्रही दिसत होतं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तीनला दोन मिनिटं कमी असताना बाहेर स्कूटी थांबली. मी दोन्ही पट्ट्या मागे ओढल्या, खूण दाबली आणि केळी मोजायला लागलो.

हर्षदा ओल्या केसांनी आत आली. वडील बसलेले बघून थबकली, हसली, आणि सवयीनं पडद्याकडे वळली. हसू तिथंच राहिलं. तिनं ते एवढंसं चित्र मोठं केलं. हॉस्पिटलचा पांढरा दरवाजा होता, त्यावर गुलाबी ठिपके. गोवर उठल्यासारखे. तिनं आधीचं चित्र उघडलं. त्यावरही. त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. मग तिनं यंत्राचं काम थांबवलं आणि खाली बसली.

चौसष्ट अंश तर आहेत, ती स्वतःशीच म्हणाली. तापलं नाही. पट्ट्या शून्यावर आहेत. म्हणजे कार्डच चाललं.

मी त्या वेळी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण शांतता पसरली की माझ्या तोंडातून काहीतरी येतंच.

“गॅस असेल,” मी म्हणालो. “हिरव्या केळ्याचं रूप पालटवतो तो. कार्डाला सोडेल का?”

गॅस गुरुवारीच देऊन, हवा काढून झाली होती. खोलीत त्याचा मागमूस नव्हता. पण तीन दिवसांची जागी पोर, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आयुष्यभर मी जिला थापा मारल्या, तिनं माझी पहिली थाप खरी मानली ती त्या दिवशी.

“मग इथून हलवायला हवं,” ती म्हणाली आणि वायर काढायला वाकली. “माळ्यावर नेते. शेहेचाळीस सेकंदांनी होतील तेवढी होतील. यातली कुठपासून बिघडलीत तेही एकेक बघावं लागेल.” मग थांबून हळूच म्हणाली, “नाहीच होणार दहापर्यंत. पप्पा, मंगळवारचं तिकीट काढून ठेवा.”

माझ्या पोटात सुई खुपसली असती तर आकडा फार वर गेला असता.

“थांब,” मी म्हणालो. “गॅसबिस काही नाही. मी पट्टी सरकवली होती. दोन्ही सरकवल्या होत्या. तू यायच्या आधी मागे नेल्या.”

“मामा, माझं मन राखायला आत्ता काही सांगू नका.”

“खरं सांगतोय.”

“तुम्हाला ते उघडता तरी येतं का?” तिनं एक वायर काढलीही.

मी शपथ घेतली. ती मी मांजराच्या वेळीही घेतली होती. तेव्हा मग मी दाजींकडे पाहिलं.

दाजी क्रेटवर तसेच ताठ बसले होते. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. मुलगी पुण्याला जाणार, पक्की नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, हेच त्यांना हवं होतं आणि ते त्यांच्या ओंजळीत आयतं येऊन पडलं होतं. शिवाय ज्यानं आयुष्यात चूक केली नाही, त्याची चूक तशीच झाकली जाणार होती. हर्षदानं दुसऱ्या वायरला हात घातला.

दाजींनी कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. गार्ड माणूस, गाडी कुठं किती वाजता थांबली आणि का, हे लिहिल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. रिटायर झाल्यावर घरातला कुकर किती वाजता चढला तेही लिहायचे. त्यांनी चष्मा लावला आणि चौकशी समितीपुढे वाचावं तसं वाचलं.

“बारा चाळीस. पट्टी क्रमांक एक, लीलाधर. चित्र क्रमांक चार हजार चारशे एकाहत्तर. बारा बावन्न. पट्टी क्रमांक दोन. चित्र क्रमांक चार हजार चारशे नव्वद.”

ते थांबले.

“दोन नंबरची कोणी?” हर्षदानं विचारलं.

“प्रल्हाद त्र्यंबक बऱ्हाटे,” दाजींनी वाचलं. “दोन अठ्ठावन्न. दोन्ही पट्ट्या मूळ जागी, लीलाधर. घाईत.”

हर्षदानं काढलेली वायर परत लावली. चार हजार चारशे एकोणनव्वद उघडलं. स्वच्छ. चार हजार चारशे नव्वद उघडलं. गोवर. तिनं कपाळाला हात लावला, आणि मला वाटलं आता ती रडणार, पण ती हिशोब करत होती. दोनशे चार चित्रं पुन्हा. सकाळचे सव्वाआठ. जमतंय.

यंत्र पुन्हा चाळीस सेकंदांवर धावू लागलं तेव्हा मी धीर करून विचारलं, की चौसष्टच अंश होते, तर बिघडलं कसं. ती म्हणाली, चौसष्ट हा गाभ्याचा आकडा. मेमरी वेगळी, तिचं काही तो आकडा सांगत नाही. आणि गाभा बरा, त्याला झेपलं नाही तर बंद तरी पडतो, माणसाला कळतं. मेमरीला झेपेनासं झालं की ती थांबत नाही. खुशाल चुकीचं लिहीत बसते. तोंडावरची रेषही हलू न देता.

एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. दाजींनीही पाहिलं. मी केळी मोजत राहिलो.

सोमवारी आठ वीसला शेवटचं चित्र निघालं, साडेनऊला फिल्म नाशिकला पोचली. चार दिवसांनी पसंतीचा फोन आला. पुण्याचं तिकीट काढलंच नव्हतं. या गोष्टीला आठ वर्षं झाली. हर्षदाकडे आता असली चार यंत्रं आहेत, त्यांना स्वतःची गार खोली आहे, आणि तिच्या दाराला कुलूप आहे. किल्ली मला मिळत नाही.

पण त्या सोमवारी, ती घरी जाऊन झोपली, तेव्हा मी आणि दाजी माझ्या दाराबाहेर सावलीत बसलो होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, दाजी, काल तुम्ही गप्प बसला असता, तर पोरगी उद्या पुण्याला गेली असती. तुम्हाला तेच हवं होतं.

“हो,” दाजी म्हणाले.

एक ट्रॅक्टर गेला, धूळ बसली.

“मग ती दुसरी पट्टी कशाला सरकवली? फिल्म बुडावी म्हणून?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी मान खाली गेली.

“तीन दिवस झाले होते, लीलाधर,” ते म्हणाले. “पोरगी केळ्यांना डोकं टेकून झोपत होती. म्हटलं लवकर संपलं, तर लवकर घरी येईल. घासभर गरम जेवेल.” मग कोटाची गुंडी लावत म्हणाले, “हे वहीत लिहिलेलं नाही. तूही बोलू नकोस.”

मी शब्द दिला. दाजी गेले त्याला या श्रावणात दोन वर्षं होतील. आता बोलायला हरकत नाही, म्हणून मी हे हर्षदाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिनं ओढणीनं डोळे पुसले, हसली, आणि म्हणाली, मामा, आजवर तुम्ही मारलेली ही सगळ्यात चांगली थाप.